लहान मुलांस मोटारीची ओळख

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या रांगेत 'लहान मुलांस मोटारीची ओळख' हा विषय येऊन बसावा, हे कित्येकांस थोडे चमत्कारिक वाटेल. मुले तर सभागृहात नाहीत. बसले आहेत ते त्यांचे आईबाप आणि आजीआजोबा. परंतु हा विषय मुलांपुढे न मांडता मोठ्यांपुढे मांडावयाचा, हे आम्ही जाणूनबुजून ठरविले. मुलाला मोटारीची पहिली ओळख शाळा करून देत नाही आणि पुस्तकही करून देत नाही. ती घरातलेच कोणीतरी करून देते. बहुधा कडेवर घेऊन, दारात उभे राहून, 'ती बघ गाडी, भुर्र गेली' असे म्हणून. आपल्याकडचे मूल नीट चालावयास लागण्यापूर्वीच 'भुर्र' हा शब्द शिकते. पाच-सहा वर्षांचे होईतो रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे नाव आणि तिची कंपनी त्याला तोंडपाठ झालेली असते, आणि पाहुणे आले म्हणजे आपण कौतुकाने त्याची परीक्षाही घेतो. मात्र 'ती चालते कशी?' असे त्याने विचारले की 'पेट्रोलवर' या एका शब्दाने आपण त्याला वाटेस लावतो. आणि ती थांबते कशी, हे तर तो विचारीत नाही आणि आपण सांगत नाही. आमच्या मते मोटारीच्या ओळखीतला निम्मा भाग, आणि तोही अधिक गरजेचा, या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नव्हे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली. त्यांत मुलेही आहेत. म्हणून मुलांना मोटारीची धास्ती घालावी असे आमचे म्हणणे नाही. बागुलबुवाची भीती मूल चार दिवस बाळगते आणि पाचव्या दिवशी झुगारून देते. समजलेली गोष्ट मात्र त्याच्यापाशी राहते.

सुरुवात कोठून करावी? यंत्राच्या भागांच्या नावांपासून खचित करू नये. गोष्टीपासून करावी, आणि सुदैवाने मोटारीच्या इतिहासात मुलांसाठीच घडली असावी अशी एक खरी गोष्ट आहे.

जर्मनीत मानहाइम या शहरी कार्ल बेंझ नावाचे यंत्रज्ञ राहत. त्यांनी तीन चाकांची, एका सिलिंडरच्या इंजिनावर चालणारी गाडी तयार केली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंजिन जेमतेम पाऊण अश्वशक्तीचे. वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे दूधवाल्याच्या सायकलीइतका. गाडी झाली, पण ती घ्यावयास गिऱ्हाईक येईना. घोड्यावाचून पळणाऱ्या त्या खटाऱ्यावर विश्वास ठेवावा कोणी? बेंझ यांच्या पत्नी बर्थाबाई. लग्नाआधीच आपल्या हुंड्याचा पैसा त्यांनी या माणसाच्या कारखान्यात घातलेला होता. ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे, पती झोपेत असताना, त्यांनी सुधारलेली एक गाडी बाहेर काढली, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि शंभर किलोमीटरांहून थोड्या दूर असलेल्या फोर्ट्झहाइमचा रस्ता धरला. तेथे त्यांचे माहेर होते. मोटारीचा जगातील पहिला लांब पल्ल्याचा प्रवास असा माहेरी जाण्यासाठी झाला. ही गोष्ट मराठी घरात निराळी समजावून सांगावी लागू नये.

वाटेत काय काय झाले, ते मुले डोळे मोठे करून ऐकतात. इंधन संपले. त्या काळी पेट्रोलपंप कोठले? व्हीसलोख या गावी औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी लिग्रोइन नावाचा एक द्रव विकत मिळे, तोच घेऊन गाडीत ओतला. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्थाबाईंनी आपल्या टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचे रबरी वेष्टन केले. इंजिन तापे, म्हणून वाटेत जेथे मिळेल तेथे पाणी घालावे लागे. चढ आला की गाडी रडे. मग मुलांनी खाली उतरून ढकलावयाचे. उतार आला की वेगळेच संकट. ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून घासून झिजले, आणि गाडी थांबेना. तेव्हा एका गावात चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर पतीला तार केली. घरी परतल्यावर, चढासाठी गाडीला आणखी एक गियर हवा, असे त्यांनी सांगितले आणि तो पुढे बसविलाही गेला.

या गोष्टीतून मुलाला एक मोठी गोष्ट कळते : गाडी ही जादू नव्हे. तिला भूक लागते, ती तापते, चढावर दमते आणि उतारावर आवरत नाही.

आता भुकेकडे वळू. पेट्रोल आत जाऊन नेमके काय करते? मुलाच्या हाती रंगपंचमीची पिचकारी द्यावी. दांडा मागे ओढला की पाणी आत येते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये असाच एक दट्ट्या वरखाली होत असतो. तो खाली गेला की झडप उघडून हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. मग झडप मिटते, दट्ट्या वर येतो आणि ते मिश्रण दाबले जाते. साधारण दहा वाट्यांचा ऐवज एका वाटीत कोंबावा इतके. पिचकारीचे तोंड बोटाने घट्ट बंद करून दांडा दाबावयास सांगितले, तर कोंडलेली हवा दांड्याला कशी मागे लोटते हे मुलाला स्वतःच्या तळहाताला कळते. तिसऱ्या खेपेस एक ठिणगी पडते आणि ते कोंडलेले मिश्रण पेटते. दिवाळीत वाह्यात मुले फटाक्यावर डबा पालथा घालतात आणि तो उंच उडतो, हे आपल्या मुलाने पाहिलेले असतेच. (न पाहिले असेल तर मुद्दाम दाखवू नये, वर्णनाने भागते.) तो डबा जसा वर उडतो तसा दट्ट्या जोराने खाली फेकला जातो. चौथ्या खेपेस तो पुन्हा वर येतो आणि जळून उरलेला धूर दुसऱ्या झडपेने बाहेर हाकलतो. ओढ, दाब, पेटव, फेक. मुलाला हे चार शब्द टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावयास लावावे. दोन दिवसांत घरभर होतात.

चौकस मूल येथे एक शंका काढते, आणि ती रास्त असते. चारांपैकी एकाच खेपेस जर जोर मिळतो, तर बाकीच्या तीन खेपा गाडी कोणाच्या बळावर फिरते? उत्तर जात्यात आहे. दळताना हात क्षणभर सुटला तरी जड तळी फिरतच राहते. तसे इंजिनाला एक जड चाक जोडलेले असते, ते मिळालेला रेटा साठवून ठेवते. शिवाय बहुतेक गाड्यांत सिलिंडर तीन किंवा चार असतात आणि ते पाळीपाळीने पेटतात. दोन बायका एकाच उखळात आळीपाळीने मुसळाचे घाव घालतात, एकीचे वर असते तेव्हा दुसरीचे खाली. तसाच हा प्रकार. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते, म्हणजे चारांत मिळून शंभर वेळा. आपल्या कानाला ती निरनिराळी ऐकू येत नाही, घूं असा एकच आवाज येतो.

दट्ट्या वरखाली होतो आणि चाक तर गोल फिरते, मग हे जुळते कसे? येथे सायकल पुढे करावी. पायडल मारताना गुडघा वरखाली होतो आणि पायडल गोल फिरते. दट्ट्या हा गुडघा, त्याला जोडलेला दांडा ही पोटरी, आणि क्रँक हे पायडल. आम्ही तर असे म्हणू की लहान मुलाला मोटार शिकवावयास जुनी सायकल जितकी उपयोगी पडते तितकी नवी मोटार पडत नाही. पूर्वीच्या फियाटचे बॉनेट उघडले तर आतले सारे उघड्या संसारासारखे दिसे. मिस्त्री कोणत्या नळीला हात घालतो हे रस्त्यावरच्या पोरांना समजे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर मुलाला दिसते ते प्लास्टिकचे एक काळे झाकण. ती फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने दोन-तीन पिढ्यांच्या मुलांची मोटारशाळाच होती. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. असो.

गियरही सायकलवरच समजतो. गियरची सायकल नसेल तर जिना आणि उतरण यांचे उदाहरण द्यावे : उंच पायऱ्यांनी थोडक्यात चढता येते, पण दम लागतो, लांबच्या सपाट उतरणीने वेळ लागतो, पण दम लागत नाही. पहिला गियर म्हणजे ती लांबची उतरण. क्लचचे प्रकरण मात्र सहा-सात वर्षांच्या मुलापुढे काढण्याची घाई करू नये. तो मोठ्यांनाही गाडी शिकताना धड कळत नाही, आणि आता पुष्कळ गाड्यांत तो पायाखाली नसतोही.

वळणावर मागची दोन चाके सारखी फिरत नाहीत, ही गंमत मात्र अवश्य सांगावी. चार मुलांनी हातात हात धरून एका ओळीत चालावे आणि कोपऱ्यावर वळावे. आतल्या बाजूचे मूल जागच्या जागी पाय हलविते, बाहेरच्या बाजूच्याला धावावे लागते. गाडीची बाहेरची चाकेही अशीच अधिक धावतात, आणि दोन्ही चाकांना एकाच इंजिनाचा जोर देऊनही त्यांना वेगळे फिरू देणारा जो दातेरी चाकांचा संच असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. नाव विसरले तरी चालेल, ओळीचा खेळ मुले विसरत नाहीत. चाकांवरून आठवले : जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, तो शब्द वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली असे जादा चाक काढले.

पेट्रोलचा हिशेबही मुलाला थोडक्यात द्यावा. एक लिटर पेट्रोल जाळावयास सुमारे अकरा किलो हवा लागते, म्हणजे पाण्याचा मोठा टँकर भरेल जवळजवळ इतकी. आणि त्यातून दोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोल तर पाऊण किलोही नाही, मग हा वायू त्याहून जड कसा? कारण हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो. शिवाय जळण्यातून जी उष्णता निघते तिचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची धुरावाटे आणि रेडिएटरवाटे वाऱ्यावर जाते. नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटवर थंडीच्या दिवसांत मांजर का येऊन बसते, याचे उत्तर हेच.

येथवरचा भाग सांगावयास गोड आहे आणि बहुतेक सांगणारे येथेच थांबतात. आता थांबण्याविषयी.

मुलाला दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासावयास सांगावे. ते गरम होतात. ब्रेक म्हणजे एवढेच. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी गुटके आवळून धरतात आणि गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होतो. बर्थाबाईंच्या लाकडी ठोकळ्यांपासून आजच्या गाडीपर्यंत तत्त्व बदललेले नाही. बोरघाट उतरताना जळकट वास येतो तो या घासलेल्या ब्रेकांचाच. आणि जाणता चालक घाटात खालच्या गियरमध्ये गाडी उतरवितो तो ब्रेकांवरचा भार इंजिनावर टाकण्यासाठीच.

पण घासून वेग जिरवावयास वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी पुढे जात राहते. हे मुलाला शब्दांनी पटत नाही, पायांनी पटते. मैदानात एक रेघ ओढावी, त्याला लांबून जिवाच्या आकांताने धावत यावयास सांगावे आणि रेघ येताच आपण 'थांब' म्हणावे. तो रेघेवर थांबूच शकत नाही, दोन-चार पावले पुढे जातो. वीस-पंचवीस किलोचे पोर जर रेघेवर थांबत नाही, तर हजार किलोची गाडी कशी थांबेल?

याचे आकडे मोठ्यांनी नीट पाहून ठेवावेत. समोर काही आले, हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईतो माणसाचा सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी ५ मीटर; एकूण १३. आता वेग दुप्पट करा, ताशी ६०. सेकंदात १७ मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर १० नव्हे, २० मीटर; एकूण ३७. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. १३ मीटरांवर एखादे मूल चेंडूमागे रस्त्यात आले आहे असे समजा. ३० च्या वेगाची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. ६० च्या वेगाच्या गाडीचा तोवर ब्रेकच लागलेला नसतो. ती पूर्ण वेगाने त्याच्यावर येते. हे वाचल्यावर आपल्या गल्लीतून आपणच कोणत्या वेगाने गाडी नेतो, ते एकदा काट्याकडे पाहून ठरवावे. वळवाच्या पहिल्या सरीला, रस्त्यावरच्या तेलाधुळीचा राब होतो तेव्हा, ही सारी अंतरे आणखी वाढतात.

३७ मीटर म्हणजे मोठ्या माणसाची पन्नास पावले. मुलाचा हात धरून, रहदारी नसलेल्या जागी, ती एकदा मोजून दाखवावी. 'गाडीवाल्याने तुला येथून पाहिले, तर तो तेथे थांबेल' असे त्या दोन टोकांना उभे राहून सांगितले की मुलाचा चेहरा गंभीर होतो.

मात्र एवढ्याने मूल एकटे रस्ता ओलांडावयास तयार झाले, असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील रॉयल हॉलोवे या महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांची पाहणी करून २०११ साली असे दाखविले की, ताशी ३२ किलोमीटरांहून अधिक वेगाने अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग त्या वयाच्या मुलांच्या डोळ्यांना खात्रीने ओळखता येत नाही. दुरून येणारी गाडी त्यांना जणू जागीच उभी असल्यासारखी भासते. हा मुलांचा हूडपणा नव्हे. दृष्टीची ती शक्ती वयानेच येते. तेव्हा मूल कितीही शहाणे असले तरी निदान दहा वर्षांचे होईतो रस्ता ओलांडताना त्याचा हात आपल्या हातात असावा, आणि रहदारी आपल्या बाजूस, मूल पलीकडे.

आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसतो, असा प्रत्येक मुलाचा समज असतो. तो घालविणे फार सोपे आहे. गाडी बंद करून, किल्ली खिशात ठेवून, मुलाला चालकाच्या जागेवर बसवावे आणि आपल्यापैकी कोणीतरी गाडीच्या मागे बैठक मारून बसावे. 'आजोबा कोठे गेले?' तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते. हल्लीच्या उंच गाड्यांचे बॉनेटच जवळजवळ तेवढे असते. सोसायटीच्या आवारात, घरच्याच अंगणात, घरच्याच माणसाने गाडी मागे घेताना जे घडते, ते याच न दिसण्यामुळे. मुलाला एक खूण शिकवावी : गाडीवाल्याचे डोळे तुला दिसत नसतील तर तू त्याला दिसत नाहीस.

आता गाडीच्या आत. ताशी ५० किलोमीटरांच्या वेगाने गाडी आदळणे आणि दहा मीटरांवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणे, यांत वेग सारखाच असतो. गच्चीच्या कठड्यावर मुलाला कोणी उभे करीत नाही. पण पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसणारे रोज दिसतात. 'मी घट्ट धरले आहे' असे आई सांगते. गाडी आदळली तर त्या क्षणी दहा किलोचे मूल कित्येक पटींनी जड होते, आणि ते धरून ठेवण्याइतके बळ कोणाच्याच हातांत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे लाडक्या लेकाला मांडीवर घेऊन त्याच्या हाती स्टिअरिंग देणारे वडील. पापणी लवते न लवते तोच एअरबॅग फुगते, आणि तिच्या व वडिलांच्या मध्ये ते मूल असते. हे कौतुक नव्हे.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे यंत्रज्ञ निल्स बोलिन यांनी १९५९ साली दिला, आणि कंपनीने तो इतरांनाही मोकळेपणाने वापरू दिला. पण तो मोठ्यांच्या मापाचा आहे. लहानग्याच्या तो गळ्यावर येतो. म्हणून मुलासाठी मागच्या आसनावर त्याच्या वयाचे वेगळे आसन लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा अशा आसनात बांधणे बंधनकारक केले असून न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला तर पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. किती घरांत हे ठाऊक आहे, अशी आम्हांस शंका आहे. हजारो रुपये खर्चून चाकांना चकाकणाऱ्या टोप्या बसविणारी मंडळी मुलाच्या आसनाची किंमत ऐकून मागे सरतात.

या व्याख्यानमालेच्या दिवसांत, चैत्र-वैशाखात, आणखी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचा बंद असतील तर आतली हवा दहाच मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. काचेतून ऊन आत येते, पण उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. मुलाचे शरीर मोठ्यांच्या शरीराहून तीन ते पाच पट लवकर तापते. 'दोन मिनिटांत भाजी घेऊन येते' म्हणून झोपलेल्या मुलाला आत ठेवू नये. आणि लपंडाव खेळताना मूल उघड्या गाडीत शिरून बसू नये म्हणून दारी उभी असलेली गाडीही कुलुपात असावी. तरीही आत अडकलेच, तर काय करावयाचे, हे मुलाला करून दाखवावे : स्टिअरिंगच्या मधोमध हॉर्न असतो, तो बहुतेक गाड्यांत किल्लीवाचूनही वाजतो; कोणी येईतो तो दाबीतच राहावयाचे. एरवी शेजाऱ्यांच्या झोपेसाठी जो हॉर्न वाजविण्यास आपण मुलांना मज्जाव करतो, तो एवढ्यासाठी एकदा पोटभर वाजवू द्यावा.

राहता राहिली विजेची गाडी. तिच्याबद्दल मुले हल्ली मोठ्यांहून अधिक जाणतात, कारण त्यांच्या खेळण्यातली सेलवर चालणारी मोटार तीच आहे, केवळ मोठी. तिच्यात दट्ट्या नाही, ठिणगी नाही, धूर नाही, पेटण्याचे चार ठेके नाहीत. ब्रेक लावला असता वेगाचा काही भाग उष्णतेत वाया न जाता वीज होऊन पुन्हा बॅटरीत जातो, ही तर खरोखर नवी गोष्ट आहे. पण बॅटरीमुळे ती गाडी साधारणतः त्याच मापाच्या पेट्रोलच्या गाडीहून जड असते, आणि वर सांगितलेला एक सेकंद तिच्या चालकालाही लागतोच. शिवाय हळू चालताना तिचा आवाज येत नाही. युरोपात म्हणूनच १ जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या गाडीने ताशी २० किलोमीटरांपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज केलाच पाहिजे असा नियम आहे. आपण लहानपणी पाठमोरे असतानाही घरघर ऐकून बाजूला होत असू. आता गल्लीत खेळणाऱ्या मुलाला कानांवर विसंबून चालणार नाही. चेंडू उचलण्यापूर्वी मान वळवून दोन्हीकडे पाहण्याची सवय त्याला घरच्या फाटकापासूनच लावावी लागेल.